विज्ञान आणि संसार : कसाला लागलेले धातु

सोनार सोनें हातांत घेतो, तेव्हां त्याच्या रंगावर भाळत नाहीं. तो तें कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. विकणारा कितीहि ओळखीचा असला तरी ही रीत तो सोडीत नाहीं, आणि तींत विकणाऱ्यास अपमान वाटण्याचेंहि कारण नसतें. दागिन्यांच्या बाबतींत इतकी सावधगिरी बाळगणारीं आपलीं माणसें औषधांच्या बाबतींत मात्र पुष्कळदां कसोटी विसरतात. आणि कर्करोगासारखा दारुण रोग घरांत शिरला म्हणजे तर भल्याभल्यांचा विवेक डळमळूं लागतो. कोणी म्हणतो सुवर्णभस्म द्या, कोणी म्हणतो हिरकभस्म द्या. इकडे डॉक्टर सांगतात कीं, शिरेंतून ‘प्लॅटिनम’ द्यावयाचें आहे. एखाद्या मोठ्या रुग्णालयांत तर नव्या औषधाच्या चांचणींत रोग्यास सामील करावयाचें काय, अशी पृच्छा होऊन पानेंच्या पानें भरलेला कागद सहीसाठीं पुढें ठेवला जातो. अशा वेळीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं कोणत्या दिशेनें विचार करावा, हें उमगावें म्हणून या महिन्यांत आम्हीं धातूंपासून बनणाऱ्या कर्करोगावरील औषधांचा, आणि विशेषतः त्यांच्या परीक्षेचा, विषय घेतला आहे.

धातूंचा व औषधांचा संबंध आपणांस नवा नाहीं. रसशास्त्राच्या ग्रंथांतून पारा, सोनें, शिसें, जस्त, कथील, तसेंच सोमल, हरताळ, मनशीळ यांच्या शोधन-मारणाचे विधि विस्तारानें दिलेले आहेत. युरोपांतहि हीच वाट होती. १७८६ सालीं टॉमस फाउलर या इंग्रज वैद्यानें सोमलाचें एक द्रावण प्रसिद्ध केलें, आणि तें पुढें शंभरांहून अधिक वर्षें नाना रोगांवर दिलें जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत पॉल अर्लिख यांनीं सोमलयुक्त संयुगांस क्रमांक घालून तीं एकामागून एक तपासविलीं. त्यांपैकीं ६०६ क्रमांकाचें संयुग उपदंशावर गुणकारी असल्याचें १९०९ सालीं त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्या प्रयोगांत दिसून आलें, व दुसऱ्याच वर्षीं तें ‘साल्व्हर्सन’ या नांवानें बाजारांत आलें. आपल्या देशांत कलकत्त्यास डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं अँटिमनीपासून ‘युरिया स्टिबामाइन’ तयार केलें, आणि काळा-आजारानें गांजलेल्या बंगाल-आसामांतील असंख्य लोकांस जीवदान मिळालें. तेव्हां धातु शरीरास नेहमीं घातकच असतो, किंवा धातु शरीरास नेहमीं बळकटीच आणतो, या दोन्ही समजुती सारख्याच भोळ्या होत. धातु कोणत्या संयुगांत, किती मात्रेंत, कोणत्या रोगावर आणि कोणत्या रोग्यास दिला, यावर तो विष कीं औषध हें ठरतें. आणि हें ठरविण्याचें साधन तर्क नव्हे, जुनेपणा नव्हे, नवेपणाहि नव्हे. तें साधन परीक्षा होय.

या परीक्षेचा इतिहास ज्या एका औषधाच्या चरित्रांत स्वच्छ वाचतां येतो, तें औषध म्हणजे सिसप्लॅटिन. इस्पितळांत ज्यास नुसतें ‘प्लॅटिनम’ म्हणतात, तें हेंच किंवा याचें एखादें भावंड असतें. हा पदार्थ मूळचा नवा नव्हे. इ. स. १८४४ मध्येंच मिकेले पेयरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें होतें. १८९३ सालीं आल्फ्रेड वेर्नर यांनीं त्याची घडण उलगडून दाखविली. मध्यें प्लॅटिनमचा एक अणु, आणि भोंवतीं चौरसाच्या चार कोपऱ्यांवर अमोनियाचे दोन रेणु व क्लोरिनचे दोन अणु. चौरंगाच्या चार कोपऱ्यांवर दोन समया व दोन तांबे ठेवावयाचे आहेत, अशी कल्पना करा. दोन्ही समया एकाच बाजूच्या कोपऱ्यांवर ठेवल्या तर एक मांडणी होते. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर ठेवल्या तर दुसरी. सामान तेंच, मांडणी मात्र निराळी. क्लोरिनचे दोन्ही अणु शेजारीं-शेजारीं असले म्हणजे तें सिसप्लॅटिन. समोरासमोरच्या मांडणीचा कर्करोगावर उपयोग होत नाहीं, असें पुढें प्रयोगांत दिसून आलें. ‘प्लॅटिनम गुणकारी आहे’ हें विधान किती अपुरें आहे, तें यावरून ध्यानांत येईल. गुण केवळ धातूचा नसून त्याच्या मांडणीचाहि आहे.

शतकाहून अधिक काळ हा पदार्थ रसायनशाळेच्या बाटल्यांत पडून होता, आणि त्याच्या अंगीं काय सामर्थ्य आहे याची कोणास वार्ताहि नव्हती. तें उघडकीस आलें तें निराळ्याच प्रयोगांतून. अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग नांवाचे पदार्थविज्ञानाचे पंडित होते. दुभंगणाऱ्या पेशीचें चित्र पाहून त्यांना लोहचुंबकाभोंवतीं जमणाऱ्या लोखंडाच्या किसाची आठवण झाली, आणि विजेचा पेशींच्या दुभंगण्यावर कांहीं परिणाम होतो काय, हें पाहावें असें त्यांच्या मनानें घेतलें. आंतड्यांत राहणारे साधे जंतु द्रवांत वाढवून त्यांतून त्यांनीं विजेचा प्रवाह सोडला. प्रवाह नेणारीं टोकें प्लॅटिनमचीं होतीं. कारण प्लॅटिनम कशांतहि विरघळत नाहीं व कशाशींहि मिसळत नाहीं, असाच सर्वांचा समज होता. थोड्या वेळांत जंतूंचें दुभंगणें थांबलें, पण वाढ थांबली नाहीं; ते लांबत लांबत आपल्या नेहमीच्या लांबीच्या तीनशें पटीपर्यंत गेले.

कोणासहि वाटलें असतें कीं, हा विजेचा प्रताप. रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प व टॉमस क्रायगस यांनीं मात्र या पहिल्या उत्तरावर समाधान मानलें नाहीं. त्यांनीं एकेक कारण वेगळें काढून तपासलें. शेवटीं असें ठरलें कीं, वीज निर्दोष होती. द्रवांत नवसागर होता. त्याच्या संगतीनें व विजेच्या साहाय्यानें टोकांवरील प्लॅटिनमचा अत्यल्प अंश द्रवांत उतरून त्याचीं संयुगें बनलीं होतीं, आणि त्या संयुगांनीं जंतूंस दुभंगूं दिलें नव्हतें. हा निबंध १९६५ सालीं ‘नेचर’ या पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्या पदार्थानें जंतूंचें दुभंगणें थांबतें, त्यानें कर्करोगाच्या गांठीचेंहि थांबेल काय, हा पुढचा प्रश्न होता. उंदरांच्या अंगीं वाढविलेल्या गांठींवर प्रयोग झाले, आणि त्या गांठी ओसरल्याचें वृत्त १९६९ सालीं त्याच पत्रांत आलें.

हें औषध काम कसें करतें, तेंहि थोडक्यांत सांगूं. आपल्या रक्तांत मिठाचा अंश बराच असतो. त्यामुळें तेथें या संयुगाचे क्लोरिन जागच्या जागीं राहतात. पेशीच्या आंत तो अंश फार कमी. म्हणून आंत शिरल्यावर क्लोरिन गळून पडतात व त्यांची जागा पाणी घेतें. असे हात मोकळे झालेला प्लॅटिनमचा अणु पेशीच्या केंद्रांतील डी. एन. ए. च्या सूत्राला शेजारच्या दोन ठिकाणीं घट्ट धरतो, आणि तें सूत्र तेथें वांकतें. वांकलेल्या सूत्राची नक्कल पेशीला नीट करतां येत नाहीं. दुरुस्ती साधली नाहीं तर ती पेशी मरते. यांत मर्म असें कीं, प्लॅटिनमला आपलें व परकें ओळखतां येत नाहीं. भराभर दुभंगणाऱ्या पेशींस त्याचा तडाखा अधिक बसतो, इतकेंच. म्हणूनच या औषधानें ओकाऱ्या होतात, कानांस दडे बसून ऐकूं येणें कमी होतें, आणि मूत्रपिंडास इजा पोंचते.

१९७१ सालीं सिसप्लॅटिन प्रथम माणसांना देण्यांत आलें. गांठी लहान होऊं लागल्या खऱ्या, पण मूत्रपिंडें इतकीं बिघडूं लागलीं कीं, हें औषध टाकून द्यावें असें पुष्कळांचें मत झालें. तेथेंच सर्व संपावयाचें. परंतु कांहीं डॉक्टरांनीं औषधाआधीं व औषधानंतर शिरेंतून भरपूर पाणी व लघवी वाढविणारीं द्रव्यें देण्याची युक्ति तपासून पाहिली, आणि मूत्रपिंडांची हानि बरीच आटोक्यांत आली. ओकाऱ्यांवर खरा उतारा मिळण्यास आणखी वर्षें लागलीं. १९९० नंतर ओन्डान्सेट्रॉनसारखीं औषधें आल्यावर तो त्रास पुष्कळ कमी झाला. आज प्लॅटिनमच्या दिवशीं रोग्यास तास न् तास सलाइन लावून बसवितात, तेव्हां घरच्या माणसांस तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्या पाण्याच्या बाटलींत या औषधाचे अर्धे प्राण आहेत, हें त्यांनीं लक्षांत ठेवावें.

१९७४ सालीं इंडियाना विद्यापीठांतील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनीं वृषणाच्या कर्करोगावर सिसप्लॅटिन दुसऱ्या दोन औषधांबरोबर देऊन पाहिलें. हा रोग विशीं-तिशींतील तरुणांना होतो, आणि तो अंगभर पसरला म्हणजे त्या काळीं फार थोडे वांचत. १९७७ सालीं त्यांनीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांत ४७ रोग्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांशांच्या अंगांतून रोगाचीं सर्व चिन्हें नाहींशीं झालीं होतीं. १९७८ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें या औषधास मान्यता दिली. आज पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगांतूनहि बहुसंख्य रोगी बरे होऊन संसाराला लागतात. पुढें याचीं भावंडेंहि आलीं. कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडास सौम्य, पण रक्त बनविणाऱ्या मज्जेस कडक. जपानांतील नागोया येथें योशिनोरी किदानी यांनीं शोधलेलें ऑक्झॅलिप्लॅटिन मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर उपयोगी ठरलें. त्यानें हातापायांस मुंग्या येतात व थंड वस्तूचा स्पर्श सोसत नाहीं. अगदीं निर्दोष असें भावंड या कुळांत अद्याप जन्मास आलेलें नाहीं.

एवढी यशाची कथा ऐकल्यावर वाचकांस वाटेल कीं, आतां धातु घ्यावा, संयुग बनवावें व रोग्यास द्यावें, इतकाच काय तो व्यवहार. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. जेवढीं संयुगें परीक्षेस बसतात, त्यांतील बहुतेक सगळीं नापास होतात. परीक्षेच्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे असें कां होतें तें समजेल.

पहिली पायरी कांचेच्या भांड्यांतील पेशींची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें यासाठीं माणसाच्या कर्करोगाच्या ६० निरनिराळ्या जातींच्या पेशी वाढवून ठेविल्या आहेत. नवें संयुग त्यांवर टाकून कोणत्या पेशी मरतात तें पाहतात. येथें उत्तीर्ण होणें म्हणजे फारसें कांहीं नव्हे. कांचेच्या भांड्यांत साधें ब्लीचिंग द्रावणहि कर्करोगाच्या पेशी मारील! ‘अमुक वनस्पतीच्या रसानें कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी वार्ता वाचली कीं आपण ती कात्रण काढून आप्तांस पाठवितों. पण ती वार्ता बहुधा या पहिल्याच पायरीची असते. दुसरी पायरी प्राण्यांची. संयुग रक्तांत टिकतें काय, गांठीपर्यंत पोंचतें काय, कोणत्या अवयवास मारक होतें, हें तेथें कळतें.

माणसांवरील परीक्षेच्या तीन पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीचा प्रश्न निराळा असतो. पहिलींत विचारतात : हें औषध किती मात्रेपर्यंत सोसतें? दुसरींत : अमुक रोगावर याचा कांहीं परिणाम दिसतो काय? तिसरींत : आज जो सर्वोत्तम उपचार उपलब्ध आहे त्याहून हें सरस आहे काय? पहिल्या पायरीवर सामील होणाऱ्या रोग्यास स्वतःला गुण येईलच अशी आशा देणें अप्रामाणिकपणाचें होय; तेथें प्रामुख्यानें मात्रेचाच शोध चाललेला असतो. तिसऱ्या पायरीवर रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोंपवून पाडतात. यांत हृदयशून्यता आहे असें पुष्कळांस वाटतें. पण डॉक्टरांनीं आपल्या पसंतीनें गट पाडले, तर धडधाकट रोगी नव्या औषधाकडे व खंगलेले जुन्याकडे जातील, आणि औषधाचा नसलेला गुण त्याच्या पदरांत पडेल. शिवाय दुसऱ्या गटास नुसतें रंगीत पाणी देतात ही समजूतहि बरोबर नाहीं. कर्करोगाच्या चांचण्यांत त्या गटास सामान्यतः त्या वेळचा मान्य उपचारच मिळतो.

या पायऱ्यांवर घसरलेल्या धातूंचीं कांहीं उदाहरणें देतों. टिटॅनियमच्या ‘बुडोटिटेन’ या संयुगाची माणसांवरील चांचणी १९८६ सालीं सुरू झाली. प्लॅटिनमखेरीज दुसऱ्या धातूंच्या नव्या संयुगांत तें अग्रेसर होतें. पण तें पाण्यांत लवकर मोडे, आणि दर वेळीं एकसारखें औषध तयार करणें जमेना. प्रयत्न सोडावा लागला. रुथेनियम धातूचें ‘नामि-ए’ हें संयुग इटलींत ट्रिएस्ट येथें तयार झालें. उंदरांत रोगाचा फैलाव रोखण्याचा गुण त्यानें दाखविला होता. हॉलंडांत २४ रोग्यांवर त्याची पहिली परीक्षा झाली, तेव्हां मात्रा वाढवितांच हातापायांच्या बोटांवर फोड येऊं लागले. आणि पुढें फुप्फुसाच्या कर्करोगावर दुसऱ्या औषधाच्या जोडीनें देऊन पाहिलें तेव्हां अपेक्षित गुण दिसला नाहीं. तिसरें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. ‘सॅट्राप्लॅटिन’ हें तोंडानें घेण्याजोगें प्लॅटिनम. पुरुषांच्या प्रॉस्टेट ग्रंथीच्या कर्करोगांत ९५० रोग्यांवर त्याची तिसऱ्या पायरीची परीक्षा झाली. रोगाची वाढ कांहीं काळ लांबली. पण शेवटीं हिशेब केला तेव्हां औषध घेणारे व न घेणारे सारखेच दिवस जगले असें दिसून आलें. औषधास मान्यता मिळाली नाहीं. गांठ लहान होणें, रोगाची वाढ लांबणें आणि माणूस अधिक जगणें या तीन गोष्टी एक नव्हेत, हा धडा या परीक्षेनें सर्वांस शिकविला.

आतां कोणी म्हणेल, ही सगळी परीक्षा पाश्चात्य औषधांची. जुन्या औषधांस ती लावणें हा अन्याय आहे. या आक्षेपास सोमलाची कथा हेंच उत्तर आहे. १९७० नंतरच्या दशकांत चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांना सोमल, पाऱ्याचा क्षार आणि बेडकाचें विष यांचें एक गांवठी औषध आढळलें. झांग तिंगदोंग व त्यांचे सहकारी यांनीं घटक वेगळे करून तपासले. गुण सोमलाचा आहे असें त्यांना दिसून आलें. बाकीचे पदार्थ अनावश्यक ठरले. पुढें रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर, जो एके काळीं रक्तस्रावानें थोड्या दिवसांत प्राण घेई त्यावर, हें औषध विलक्षण गुणकारी असल्याचें सिद्ध झालें. त्या रोगास कारण होणारें जें विकृत प्रथिन, त्यालाच धरून सोमल तें नष्ट करवितो, असा त्याचा उलगडाहि झाला. २००० सालीं अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या युरोपांतील चांचणींत सोमल व ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळांतील एक औषध यांची जोडी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९७ रोगी दोन वर्षांनंतर रोगाच्या उपद्रवावांचून होते. रूढ रसायनचिकित्सा घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ८६ होतें. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉक्टरांनीं केवळ सोमलावर या रोगाचे उपचार करून जगाचें लक्ष वेधलें. म्हणजे जुनें औषध परीक्षेस उतरलें, तर पाश्चात्य वैद्यकानें तें मानानें घरांत घेतलें आहे. परीक्षेला जात नाहीं, गोत्र नाहीं आणि देशहि नाहीं.

उलट, परीक्षेला न उतरलेल्या धातूचें काय होतें, तेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांत मिळणारीं, आपल्या उपखंडांत तयार झालेलीं ७० आयुर्वेदिक औषधें तपासलीं असतां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडला, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. ज्याच्या मूत्रपिंडांवर आधींच सिसप्लॅटिनचा भार आहे, त्याच्या पोटांत आणखी एखादा अज्ञात धातु घालणें म्हणजे थकलेल्या बैलावर दुसरें ओझें लादणें होय. घरांतील मायेचीं माणसें हें चोरून करतात, आणि रक्ततपासणींत मूत्रपिंडें बिघडलेलीं दिसलीं म्हणजे दोष प्लॅटिनमला जातो, मात्रा कमी होते, व रोगाला सवड मिळते. आमचा आग्रह भस्म देऊं नका एवढाच नाहीं; जें कांहीं देत असाल तें डॉक्टरांपासून लपवूं नका, हा आहे.

परीक्षा एकदां झाली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें या बाबतींत बजावलेली कामगिरी प्रत्येक मराठी घरानें माहीत करून घ्यावी. तंबाखूच्या पायीं आपल्याकडे तोंडाचे व घशाचे कर्करोग फार. त्यांत क्ष-किरणांच्या उपचाराबरोबर सिसप्लॅटिन देतात. तीन आठवड्यांतून एकदां मोठी मात्रा द्यावी, कीं दर आठवड्यास लहान मात्रा द्यावी, हा वाद होता. लहान मात्रा सोसते, म्हणून पुष्कळ डॉक्टर तीच देत असत. टाटा रुग्णालयानें ३०० रोग्यांवर चांचणी करून २०१८ सालीं निकाल प्रसिद्ध केला. दोन वर्षांनंतर मूळ जागचा रोग आटोक्यांत असलेल्यांचें प्रमाण मोठ्या मात्रेंत शेंकडा ७३, तर लहान मात्रेंत शेंकडा ५८ होतें. मात्र तीव्र त्रासहि मोठ्या मात्रेंत अधिक झाला. पुढें जपानांत शस्त्रक्रियेनंतरच्या रोग्यांवर जी चांचणी झाली, तींत आठवड्याची मात्रा जराशी वाढवून दिली होती, आणि ती मोठ्या मात्रेच्या तोडीस उतरली असें २०२२ सालीं दिसून आलें. टाटा रुग्णालयांत आठवड्याची मात्रा शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरास ३० मिलिग्रॅम होती, जपानांत ४०. अवघ्या दहा मिलिग्रॅमांच्या फरकावर कोणाचें बोलणें-गिळणें राहतें आणि कोणाचें जातें, हें अवलंबून असूं शकतें. मग ‘चिमूटभर मधांतून द्या’ या मापावर किती विसंबावें, याचा विचार सुज्ञांनींच करावा.

याच रुग्णालयानें गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगानें पीडित अशा ८५० स्त्रियांची चांचणी केली. निम्म्यांस केवळ क्ष-किरणांचा उपचार, निम्म्यांस त्याच्या जोडीला सिसप्लॅटिन. पांच वर्षांनंतर पहिल्या गटांत शंभरांपैकीं ४६ जणी हयात होत्या, दुसऱ्यांत ५४. आठांचा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु त्या आठ जणी कोणाच्या तरी आया, कोणाच्या सुना, कोणाच्या थोरल्या जावा आहेत; आणि हा फरक एखाद्या अनुभवी डॉक्टराच्या नुसत्या नजरेला कधींच दिसला नसता. तो दिसावा म्हणून ८५० स्त्रियांनीं आपलीं नांवें त्या नोंदवहींत लिहूं दिलीं. त्यांतल्या बऱ्याच जणी गरीब घरच्या असतील, त्यांचीं नांवें आपणांस कधीं कळणार नाहींत; पण त्यांच्या ऋणांतून आपलीं सुशिक्षित घरें मुक्त नाहींत.

आतां अखेरचा आणि आमच्या मतें सर्वांत नाजूक प्रश्न. आपल्या एकत्र कुटुंबांतून रोगाचें नांव रोग्यापासून लपविण्याची चाल आहे. आईस सांगतात, गांठ साधी आहे. डॉक्टरांशीं बोलणीं थोरले चिरंजीव करतात, आणि सहीहि तेच करूं पाहतात. यामागें माया असते हें आम्ही जाणतों. परंतु चांचणीचें संमतिपत्र हें रोग्याचें स्वतःचें असतें. ज्याच्या देहावर परीक्षा व्हावयाची, त्यालाच रोग कोणता हें ठाऊक नसेल, तर त्या संमतीला अर्थ काय उरला? आपल्या देशांत २०१९ सालच्या नियमांप्रमाणें प्रत्येक चांचणीस नीतिसमितीची अनुज्ञा लागते. सामील होणाऱ्यास समजेल अशा भाषेंत सर्व सांगून लेखी संमति घ्यावी लागते. वाटेल त्या वेळीं कारण न देतां बाहेर पडण्याचा त्याला अधिकार असतो. आणि चांचणीमुळें इजा झाल्यास औषधोपचार व भरपाई देणें चांचणी करविणाऱ्यावर बंधनकारक असतें. २००९ सालापासून अशा चांचण्यांची सरकारी नोंदवहींत आधीं नोंद होणेंहि आवश्यक झालें आहे. ती नोंद कोणासहि पाहतां येते. हे सर्व अधिकार रोग्याचे आहेत. खरें सांगितल्याखेरीज ते त्याच्या हातीं पडत नाहींत.

म्हणून तसा कागद घरांत आला, तर वडील मंडळींनीं रोग्यास मध्यें बसवून डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्या. ही चांचणी कोणत्या पायरीची आहे? सामील न झाल्यास आज कोणता उपचार मिळेल? या धातूचा किंवा औषधाचा त्रास कोणत्या अवयवास होण्याचा संभव आहे, आणि तो टाळण्यासाठीं काय करणार? यशाचें माप कोणतें : गांठ लहान होणें, कीं आयुष्य वाढणें? याच चार गोष्टी भस्म सुचविणाऱ्यासहि विचाराव्या. जो शांतपणें व सरळ उत्तर देईल, त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. जो रागावेल, किंवा ‘शंका घेतल्यास गुण येत नाहीं’ असें म्हणेल, त्यास नमस्कार करून निरोप द्यावा. आणि शेवटीं ‘हो’ म्हणावयाचें कीं ‘नाहीं’, हें रोग्यानें स्वतः, घरच्यांच्या आधारानें, पण स्वतःच्या बुद्धीनें ठरवावें. त्याचा निर्णय ‘नाहीं’ असा झाला, तरी घरांत त्याबद्दल कोणीं बोल लावूं नये.